आपण हरलो, पण ‘आपण’ म्हणजे कोण?

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. अमेरिकेत लक्ष्मीपूजन त्या संध्याकाळी होतं आणि नेमकी त्याच संध्याकाळी सिएटल मॅरिनर्सची मॅचही होती. बेलव्ह्यूमध्ये एका मित्राच्या घरी आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. एका कोपऱ्यात चौरंगावर लक्ष्मी, तिच्यापुढे वहीच्या जागी लॅपटॉप, आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही, आवाज बंद करून. आरती चालू असताना अर्ध्या लोकांची नजर कुठे होती, हे लक्ष्मीला नक्की कळलं असणार.

तुम्ही बेसबॉल बघत नसाल तर थोडक्यात सांगते. नऊ इनिंग्ज असतात, प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक टीमचे तीन खेळाडू आऊट झाले की बाजू बदलते. मॅरिनर्स टोरांटोमध्ये खेळत होते. सात मॅचेसची मालिका ३-३ अशी बरोबरीत, ही शेवटची मॅच. जिंकलो की वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल. १९७७ साली सुरू झालेली ही टीम तिथे कधीच पोचलेली नाही. मेजर लीगमध्ये तीस टीम्स आहेत, त्यांतली एकही वर्ल्ड सिरीज न खेळलेली ही एकमेव. सातव्या इनिंगमध्ये मॅरिनर्स ३-१ ने पुढे होते. आणखी आठ जणांना आऊट करायचं, की झालं. तेवढ्यात टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने होमरन मारला. बेसवर दोघे आधीच उभे होते, म्हणजे एका फटक्यात तीन रन. ३-४. तिथेच संपलं.

खोलीत कुणी बोलेना. मग मित्राचा नऊ वर्षांचा मुलगा रडवेल्या आवाजात म्हणाला, “आपण हरलो.” आणि त्याचा बाबा त्याला जवळ घेत म्हणाला, “अरे, ते हरले. आपण कुठे हरलो? चल, फुलबाज्या लावू.”

ती दोन वाक्यं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. आमच्या पॉडकास्टवर आम्ही ‘इथले’ आणि ‘तिथले’ या शब्दांवर बरंच बोललो आहोत, पण हा ‘आपण’ राहून गेला होता. तुम्हीही परदेशात राहता, तुमच्या शहरातही एखादी टीम असेल, आणि ती बहुतेक वेळा तुमचा जीव खात असेल. म्हणून म्हटलं, हा वैताग एकदा नीट उलगडून बघू. माझं म्हणणं असं आहे की फॅनचा खरा त्रास हरण्याचा नसतो. तो या ‘आपण’मध्ये दडलेल्या एका गोंधळाचा असतो.

जिंकलो की ‘आपण’, हरले की ‘ते’

१९७६ साली रॉबर्ट चाल्डीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या काही मोठ्या विद्यापीठांत एक साधी गोष्ट मोजली. विद्यापीठाची फुटबॉल टीम शनिवारी जिंकली, तर सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले शर्ट घालून येणाऱ्यांचं प्रमाण वाढायचं. फोनवर मॅचबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या मॅचचं वर्णन विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ असं करायचे. हरलेल्या मॅचबद्दल बोलताना तो ‘आम्ही’ कमी व्हायचा. दुसऱ्याच्या विजयाच्या उजेडात आपणही थोडं उजळून घ्यायचं आणि हरल्यावर हळूच बाजूला सरकायचं. माझ्या मित्राने केलं ते हेच.

मराठीत यात आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत एकच शब्द आहे, आपल्याकडे दोन: आम्ही आणि आपण. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये तो आत घेतला जातो. तो मुलगा ‘आम्ही हरलो’ म्हणाला नाही. ‘आपण’ म्हणाला, म्हणजे त्याने आम्हा सगळ्यांना, ज्यांचे व्हिसा अजून नूतनीकरणाच्या रांगेत आहेत त्यांनाही, मॅरिनर्समध्ये ओढून घेतलं. बाबाने ते आमंत्रण नाकारलं, इतकंच.

चोपन्न टक्के

आता मॅरिनर्सवर फॅन्सचा राग का, ते बघू. टीम सतत वाईट असती तर लोक केव्हाच विसरले असते. २००१ मध्ये तिने १६२ पैकी ११६ मॅचेस जिंकल्या आणि १९०६ सालच्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्या टीममध्ये पहिल्या बेसवर जॉन ओलेरूड होता, इथल्या, म्हणजे बेलव्ह्यूच्याच इंटरलेक हायस्कूलमध्ये शिकलेला. एवढं करून न्यूयॉर्क यँकीजकडून हरले. त्यानंतर सलग वीस मोसम प्लेऑफ नाही. २०२२ मध्ये तो दुष्काळ संपला, तेव्हा घरच्या मैदानावरची पहिलीच प्लेऑफ मॅच अठरा इनिंग्ज चालली, सहा तासांहून जास्त, आणि मॅरिनर्स ०-१ ने हरले. २०२३ मध्ये फक्त एका मॅचने प्लेऑफ हुकले.

त्या एका मॅचनंतर जे झालं ते महत्त्वाचं आहे. टीमचे प्रमुख जेरी डिपोटो पत्रकारांशी बोलताना म्हणाले की दहा वर्षांच्या काळात ५४ टक्के मॅचेस जिंकत राहणं हे आमचं उद्दिष्ट आहे, तसं केलं की संधी येत राहतात. आणि फॅन्सकडे धीर मागतो तेव्हा एका अर्थी आम्ही त्यांच्यावर उपकारच करत असतो. शहर भडकलं. त्यांनी नंतर माफीही मागितली. पण आकडा चिकटला तो चिकटलाच. आपल्याकडे दहावीला ५४ टक्के म्हणजे सेकंड क्लास. कुठल्याही घरात ‘सेकंड क्लास हेच आमचं ध्येय’ असं सांगून बघा.

गंमत म्हणजे हिशेब म्हणून ते चूक नव्हतं. अमेरिकन लीग कशी चालते ते पाहिलं की ५४ टक्के एकदम शहाणपणाचे वाटायला लागतात.

पहिली गोष्ट, लीग बंद आहे. शेवटून पहिल्या आलात तरी पुढच्या वर्षी तुमची जागा पक्की. दुसरी, देशभरच्या टीव्ही कराराचे पैसे तीसही टीम्समध्ये सारखे वाटले जातात, जिंका किंवा हरा. तिसरी, तळाच्या टीम्सना नवे तरुण खेळाडू निवडताना झुकतं माप मिळतं. आणि चौथी, शहरात त्या खेळाची दुसरी टीम येऊ शकत नाही, कारण येऊ द्यायचं की नाही हे उरलेले मालक ठरवतात. बेसबॉलला तर १९२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. अशा व्यवस्थेत जिंकण्यासाठी जीव तोडून पैसा ओतणारा मालक हौशी म्हणायचा. समंजस मालक सेकंड क्लासवर थांबतो.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक मांडणी केली, ती इथे चपखल बसते. एखाद्या संस्थेवर आपण नाराज असलो की आपल्या हातात दोन गोष्टी असतात: सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. किराणा दुकानदार खराब डाळ द्यायला लागला तर तुम्ही दुकान बदलता. ग्रामपंचायत वाईट चालली तर सभेत उभं राहून भांडता. निष्ठा या दोघांच्या मध्ये येते: ती तुम्हाला सोडून जाऊ देत नाही. फॅनची अडचण बघा. निष्ठेपोटी सोडून जाता येत नाही, आणि आवाज उठवायला सभाच नाही. मग उरतं काय? टीव्हीकडे बघून ओरडणं.

सोडून जाण्याचा हक्क कुणाला?

सोडून जाण्याचा हक्क इथे एकाला मात्र पुरेपूर आहे: मालकाला. सिएटलइतकं हे कुणी भोगलेलं नाही.

१९६९ मध्ये सिएटल पायलट्स नावाची बेसबॉल टीम आली आणि एकच मोसम खेळून मिलवॉकीला गेली. त्यावरच्या खटल्यातून तडजोड म्हणून मॅरिनर्स मिळाले. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये किंग काउंटीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठीचा कर निसटत्या मतांनी फेटाळला. पण त्याच शरदात मॅरिनर्स पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये गेले, एडगर मार्टिनेझच्या प्रसिद्ध डबलने यँकीजना हरवलं, सगळं शहर वेडं झालं, आणि त्या लाटेवर राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात स्टेडियमचा पैसा मंजूर केला. टीम जाईल ही भीती होतीच. त्यातला एक भाग म्हणजे किंग काउंटीतल्या हॉटेलांच्या बिलावर अर्धा टक्का कर. बेलव्ह्यू किंग काउंटीतच येतं. म्हणजे २०११ पर्यंत इथे कुणी इडली-सांबार खाल्लं असेल, तर त्यातले काही पैसे त्या स्टेडियमला गेले, मॅरिनर्स कोण हे माहीत नसलं तरी. २०१८ मध्ये काउंटीने देखभालीसाठी आणखी साडेतेरा कोटी डॉलर मंजूर केले, ते बाहेरगावच्या पाहुण्यांनी भरलेल्या लॉजिंग करातून.

मॅरिनर्स राहिले. बास्केटबॉलची टीम गेली. सिएटल सुपरसॉनिक्स, १९६७ पासूनची, १९७९ ची एनबीए विजेती. २००६ मध्ये हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने ती ३५ कोटी डॉलरना ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकली. त्याच नोव्हेंबरात सिएटलच्या मतदारांनी ठरवलं की शहराचा पैसा टीमला द्यायचा तर शहराला रास्त परतावा मिळालाच पाहिजे. सुमारे ७४ टक्के मतं त्या बाजूने पडली. हा हर्शमनचा ‘आवाज’, अगदी मतपेटीतून. नव्या मालकांनी शेजारच्या रेंटनमध्ये पन्नास कोटी डॉलरच्या अरीनाचा प्रस्ताव ठेवला, विधिमंडळाने पैसा दिला नाही. २००७ मध्ये मालकांपैकी एकाने वर्तमानपत्राला सांगून टाकलं की टीम सिएटलमध्ये ठेवायला आम्ही घेतलीच नव्हती. लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला, आणि पुढे जे व्हायचं ते झालंच. शहराने भाडेकरारावरून खटला भरला, आणि २ जुलै २००८ रोजी साडेचार कोटी डॉलर घेऊन मालकांना करारातून मोकळं केलं. टीम ओक्लाहोमाला गेली, थंडर झाली. जाताना केव्हिन ड्युरंट नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगाही घेऊन गेली. २०२५ मध्ये थंडर एनबीए विजेते झाले. त्या रात्री सिएटलमध्ये कुणी ‘आपण जिंकलो’ म्हटलं नाही.

सॉनिक्सचं नाव आणि हिरवा-पिवळा रंग मात्र समझोत्यात शहराकडे राहिला. आजही बेलव्ह्यूच्या बसमध्ये सॉनिक्सचा टी-शर्ट घातलेली मुलं दिसतात. त्यातली कित्येक टीम गेल्यावर जन्मली आहेत.

पुण्याच्या माणसाला सांगायला नको

मी पुण्याची. त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला फार ओळखीची वाटली. रणजीमध्ये शेजारच्या मुंबईची बेचाळीस विजेतेपदं, आणि महाराष्ट्राची दोन, तीही १९३९-४० आणि १९४०-४१ ची. आजोबांच्या लहानपणची. त्यामुळे आयपीएलमध्ये पुण्याची टीम येणार म्हटल्यावर आम्हाला काय आनंद झाला होता! सहाराने सदतीस कोटी डॉलर मोजून पुणे वॉरियर्स आणली. पहिल्या वर्षी, २०११ मध्ये, ‘घरच्या’ मॅचेस नवी मुंबईत. तीन मोसमांत दहांपैकी नववे, नवांपैकी नववे आणि नवांपैकी आठवे. मग पैशांवरून मालक आणि बीसीसीआयचं भांडण, आणि २०१३ मध्ये टीम बंद.

दुसरी टीम २०१६ मध्ये आली, चेन्नई आणि राजस्थान निलंबित होते म्हणून दोन वर्षांपुरती. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळ होता, उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरच्या मॅचेस राज्याबाहेर न्यायला सांगितलं, आणि पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. (त्याबद्दल माझी तक्रार नाही, टँकरची वाट बघणाऱ्या गावांसमोर गहुंज्याच्या हिरवळीचं काय घेऊन बसायचं?) पुढच्या वर्षी मात्र टीम फायनलला गेली, तीही मुंबईविरुद्ध. १३० करायचे होते. शेवटच्या षटकात ११, शेवटच्या चेंडूवर ४. दोन धावा झाल्या, तिसरीसाठी धावताना रन-आऊट. एका धावेने हरलो. आणि पुढचं वर्ष नव्हतंच, कारण टीमच संपली. हरल्यावर फॅनजवळ उरते ती एकच गोष्ट, ‘पुढच्या वर्षी बघू’. आमच्याकडून तीही काढून घेतली.

हॅम्बुर्गचं घड्याळ

हे सगळं असंच असायला हवं का? नाही. पीएचडीच्या काळात मी हॅम्बुर्गमध्ये होते. तिथल्या एचएसव्ही या फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये एक घड्याळ होतं. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाल्यापासून क्लब किती वर्षं, दिवस, तास, मिनिटं, सेकंद पहिल्या श्रेणीत आहे ते दाखवणारं. प्रत्येक मोसम खेळलेला तो एकमेव क्लब होता. मे २०१८ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत घसरला. माझ्या लॅबमधला एक शांत, चहासुद्धा मोजून पिणारा माणूस त्या सोमवारी कुणाशी बोलला नाही. परत वर यायला सात वर्षं लागली, २०२५ उजाडलं.

जर्मनीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाईट खेळलात तर खाली जावं लागतं, त्यामुळे सेकंड क्लासवर समाधान मानणं महागात पडतं. आणि बहुतेक क्लबांत, काही अपवाद सोडले तर, निम्म्याहून जास्त मतं सदस्यांच्या संघटनेकडे राहतील असा नियम आहे. वर्गणी भरणारा फॅन सभेत उभा राहून अध्यक्षाला जाब विचारू शकतो. क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेणं जवळजवळ अशक्य. हॅम्बुर्गचे फॅन आमच्यापेक्षा कमी दुःखी होते असं अजिबात नाही. पण त्यांच्या दुःखाला दाद मागायला जागा होती.

आता तो गोंधळ सांगता येईल. टीमच्या बाबतीत ‘आपण’ तीन वह्यांत लिहिलेला असतो. पहिली भावनेची: तिथे आपण पूर्ण आहोत. दुसरी पैशाची: तिकीट, टीव्हीची वर्गणी, कर, तिथेही आपण आहोत. तिसरी मालकीची आणि निर्णयाची: तिथे आपलं नावच नाही. हरणं पहिल्या वहीत लिहिलं जातं, ते सहन होतं. वैताग येतो तो पहिल्या दोन वह्यांत नाव असून तिसऱ्या वहीत नसण्याचा.

आणि इथे मला थोडं थांबावं लागतं. कारण हे वर्णन फक्त मॅरिनर्सच्या फॅनचं नाही. बेलव्ह्यूमध्ये दर दहातले साधारण चार जण अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. आमच्यातले अनेक जण इथे कर भरतात, शाळेसाठी वर्गणी काढतात, बर्फ पडला की शेजारच्या आजींचा रस्ता साफ करतात, आणि नोव्हेंबरात मतपत्रिका येते तेव्हा ती शेजाऱ्यांच्या पेटीत पडते, आमच्या नाही. माझा पोस्टडॉकचा करार वर्षावर्षाने वाढतो. पुढच्या दिवाळीला मी बेलव्ह्यूत असेन का, हे ठरवणारी वही माझ्याकडे नाही. मित्र ‘ते हरले’ म्हणाला, त्यात मला मॅचइतकाच हा हिशेब ऐकू आला. जिथून कधीही निघावं लागेल तिथे ‘आपण’ कशाला म्हणा?

मला कळतं त्याचं. पण पटत नाही. पायलट्स गेले, सॉनिक्स गेले, पुण्याच्या दोन टीम्स गेल्या. फॅन मात्र तिथेच राहिले. सोडून गेले ते मालक, ज्यांचं नाव तिसऱ्या वहीत होतं. म्हणजे कुणाचं काय किती टिकेल, हे तिसऱ्या वहीवरून ठरत नाही. तेव्हा तुमच्या शहराच्या टीमवर चिडा, जरूर चिडा. पण तो राग बरोबर वहीत लिहा. खेळाडू चुकला, तर ते खेळाचं दुःख, दोन दिवसांत उतरतं. मालक सेकंड क्लासवर खूश असेल, शहराकडून पैसे मागत असेल, तर तो नागरिकाचा प्रश्न आहे. मत नसलं तरी काउंटी कौन्सिलच्या सभेत लोकांना बोलायला वेळ असतो. तिथे कुणी पासपोर्ट विचारत नाही.

फुलबाज्या संपल्यावर मी त्या मुलाशेजारी पायरीवर बसले. तो अजून हिरमुसलेला होता. म्हणाला, “मावशी, तू पण हरलीस ना?”

“हो रे,” मी म्हटलं. “आपण हरलो.”

त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. मग त्याने विचारलं, पुढच्या वर्षी मॅचेस कधी सुरू होतात. मी सांगितलं, मार्चच्या शेवटी. तोपर्यंतचा माझा करार आहे.